ह्या चित्रात मुकादम कुठाय?

मी लहान असताना आमच्या वस्तीत एकदा दारूबंदीचं प्रदर्शन आलं होतं. शाळेच्या पडवीत सुतळी बांधून तिच्यावर आठ-दहा चित्रं लटकवलेली. पहिल्या चित्रात माणूस पहिला पेला घेतो. दुसऱ्यात त्याचं काम सुटतं. मग घरातली भांडी जातात, पोर मरतं, बायकोला मारतो, आणि शेवटी तो स्वतः वेड्यांच्या इस्पितळात. इस्त्रीच्या कपड्यातले एक साहेब हातात छडी घेऊन एकेक चित्र समजावून सांगत होते. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. माझी आजी सफाईच्या कामावर होती. तिनं सगळी चित्रं नीट बघितली आणि विचारलं, "सायेब, समदं खरं हाय. पर ह्या चित्रात मुकादम कुठाय? आन् दारू इकणारा कुठाय?"

साहेब हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले.

बऱ्याच वर्षांनी रद्दीच्या दुकानात मला जुन्या इंग्रजी चित्रांचं एक फाटकं पुस्तक मिळालं. त्यात जवळजवळ तीच गोष्ट होती, त्याच क्रमानं! जॉर्ज क्रुकशँक नावाच्या चित्रकारानं १८४७ साली लंडनमध्ये काढलेली 'द बॉटल' ही आठ चित्रं. पहिल्यात बाटली बाहेर निघते, आठव्यात नवरा वेड्यांच्या कोठडीत बसतो. मधल्या काळात घरातलं सामान जप्त, रस्त्यावर भीक, पोराचं मरण आणि त्याच बाटलीनं केलेला बायकोचा खून. म्हणजे आमच्या पडवीत लटकवलेला उपदेश शंभराहून जास्त वर्षं जुना आणि सातासमुद्रापलीकडचा होता. मग मी मागं मागं जात राहिलो. क्रुकशँकच्या मागं शंभर वर्षं विल्यम होगार्थ उभा होता. चित्रांच्या मालिकेतून नीतीची गोष्ट सांगायची इंग्रजी रीत ह्या माणसानं घडवली.

तुम्ही पोरं पोस्टरं रंगवता, पथनाट्यं बसवता, व्यसनाविरुद्ध वस्त्यांतून फिरता. म्हणून हा होगार्थ तुम्हाला माहीत असला पाहिजे. त्याचं काय घ्यायचं आणि काय फेकून द्यायचं, हे आपलं आपण ठरवलं पाहिजे.

●

होगार्थ १६९७ साली लंडनच्या स्मिथफील्ड भागात जन्मला. तिथं जनावरांचा बाजार भरायचा. बाप लॅटिनचा मास्तर. लॅटिन बोलणाऱ्यांसाठी त्यानं कॉफीचं दुकान काढलं, ते बुडालं. कर्ज फिटेना म्हणून त्याला फ्लीटच्या तुरुंगात टाकलं. तेव्हा विल्यम दहा-अकरा वर्षांचा होता. कर्जापायी माणूस कसा आत जातो आणि त्याच्या मागं घर कसं कोसळतं, हे त्यानं पुस्तकात वाचलं नव्हतं. पुढं चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे तो उमेदवार म्हणून राहिला. म्हणजे हा हातानं काम करणारा माणूस. हे लक्षात ठेवा.

कोरीव छापचित्र म्हणजे काय? तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीनं रेघ खोदायची, नाहीतर पत्र्यावर मेण चढवून सुईनं रेघ ओढायची आणि ती तेजाबानं खाऊ द्यायची. मग पत्र्याला शाई चोपडायची, वरची पुसून काढायची. खोदलेल्या रेघेत तेवढी शाई उरते. ओला कागद ठेवून दोन रुळांच्या मधून पत्रा दाबून काढला की चित्र कागदावर उतरतं, तेही उलटं. डावं ते उजवं. ज्यानं स्टेन्सिल कापली आहे त्याला ह्यातली मेहनत सांगायला नको. सुई जरा जोरात गेली की रेघ फाटते आणि पान वाया जातं.

तैलचित्र एकाच सरदाराच्या भिंतीवर टांगलं जातं. पत्रा मात्र शेकडो प्रती देतो. होगार्थनं हा फरक ओळखला. सरदाराच्या दारात उभं राहण्यापेक्षा त्यानं वर्गणीदार गोळा केले, आगाऊ पैसे घेतले आणि चित्रं स्वतः विकली. चोरून नकला काढणारे दुकानदार त्याच्या कमाईवर पोट भरायला लागले, तेव्हा त्यानं इतर कोरणाऱ्यांना बरोबर घेऊन पार्लमेंटकडे अर्ज केला. १७३५ साली कायदा झाला आणि चित्रावर चौदा वर्षं त्याच्या कर्त्याचा हक्क लागू झाला. कारागीर संघटित झाला की काय होतं, त्याचा हा एक दाखला.

●

त्याची पहिली गाजलेली मालिका १७३२ सालची, 'अ हार्लट्स प्रोग्रेस'. एका वेश्येची सहा चित्रांतली वाटचाल. खेड्यातली पोर, मॉल तिचं नाव, गाडीतून लंडनला उतरते. कामाच्या शोधात आलेली. तिच्या हनुवटीला हात लावून गोड बोलणारी बाई कुंटीण आहे. मागं दारात एक श्रीमंत पुरुष उभा आहे. लंडनच्या लोकांनी दोघांनाही तोंडावरून ओळखलं. बाई म्हणजे नीडहॅम. तिला १७३१ साली चौकात खोड्यात अडकवलं, जमावानं दगड मारले आणि ती त्यातच मेली. पुरुष म्हणजे कर्नल चार्टरिस. मोलकरणीवर बलात्कार केल्याबद्दल १७३० साली त्याला फाशीची शिक्षा झाली, आणि राजानं माफी दिली. कुंटीण दगडांनी मेली आणि कर्नल सुटला. त्याच चित्रात एक पाद्री घोड्यावर बसून कागद वाचतोय. पोरीकडे त्याची पाठ आहे. देवाच्या माणसाची पाठ होगार्थला नेमकी दिसली!

पुढं मॉल एका धनिकाची रखेल होते, तिथून हाकलली जाते, मॅजिस्ट्रेट पकडायला येतो. चौथ्या चित्रात ती ब्राइडवेलच्या कोंडवाड्यात दोरखंडासाठी वाख कुटतेय. अंगावर अजून भारी रेशीम आहे आणि हातात मोगरी. डोक्यावर दारोगा छडी घेऊन उभा. वाख कुटणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या दोरखंड वळणाऱ्या घरांना विचारा. इंग्रजी न्यायाला ती शिक्षा वाटली. आपल्याकडे ते जन्माला चिकटवलेलं काम होतं. पाचव्या चित्रात ती गुप्तरोगानं मरतेय आणि दोन वैदू आपापल्या औषधावरून भांडताहेत. सहाव्यात पेटी. वय तेवीस.

ह्या मालिकेचा दर होता एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. लंडनच्या साध्या मजुराच्या आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त. हजाराच्या वर लोकांनी वर्गणी भरली. म्हणजे मॉलची गोष्ट विकत घेऊन भिंतीवर लावणारे मॉलचे भाऊबंद नव्हते. चार्टरिसच्या वर्गातलेच लोक होते. दुकानाच्या खिडकीत टांगलेली चित्रं गरीब माणूस रस्त्यावरून बघायचा, तेवढंच.

तरीही ह्या मालिकेला मी मानतो. कारण आजीच्या प्रश्नाला इथं उत्तर आहे. ह्या चित्रात मुकादम आहे. दारात उभा आहे, आणि तो ओळखू येतो.

●

पुढं १७४७ साली होगार्थनं बारा चित्रं काढली, 'इंडस्ट्री अँड आयडलनेस'. उद्योग आणि आळस. स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांच्या वस्तीत एकाच मालकाच्या मागावर दोन उमेदवार. एक गुडचाइल्ड, गुणी बाळ. दुसरा आयडल, आळशी. पहिल्या चित्रात गुणी पोर धोटा चालवतोय आणि आळशी उभ्याउभ्या झोपलाय. पुढं गुणी पोर देवळात जातो, मालकाच्या पोरीशी लग्न करतो, भागीदार होतो, न्यायासनावर बसतो आणि शेवटी लंडनचा लॉर्ड मेयर. आळशी पोर जुगार खेळतो, बोटीवर पाठवला जातो, परत येऊन वाटमारी करतो, त्याची बाईच त्याला पकडून देते आणि टायबर्नच्या माळावर तो फासावर जातो. अधल्यामधल्या एका चित्रात न्यायासनावर गुडचाइल्ड आणि समोर बेड्या घातलेला आयडल! प्रत्येक चित्राखाली बायबलचं वचन. तरुणांना वळण लागावं म्हणून कागद साधा वापरला, दर बारा शिलिंग ठेवला.

ही गोष्ट आपल्याला शाळेत किती वेळा सांगितली! अभ्यास करणारा अमुक झाला, उनाडक्या करणारा तमुक झाला. तुमचं तुमच्या हातात आहे. आजीचा प्रश्न इथं विचारा. माग कुणाचा? मालकाचा. दोन्ही पोरं त्याच मागावर. एका मालकाला जावई एकच लागतो. बाकीच्या विणकरांनी कितीही धोटा चालवला तरी लॉर्ड मेयर एकच होणार. उरलेल्यांचं काय, ते बारा चित्रांत कुठंच नाही.

इतिहासात ते आहे. त्याच स्पिटलफील्ड्सच्या विणकरांनी पुढं मजुरीचे दर टिकवण्यासाठी मंडळ्या बांधल्या. जे मालक दर पाडत त्यांच्या मागावरचं रेशीम रात्री जाऊन कापलं. १७६९ च्या डिसेंबरात डॉइल आणि व्हॅलॉइन ह्या दोन विणकरांना ह्याच आरोपावरून फाशी दिली. नेहमीच्या टायबर्नला नेलं नाही. बेथनल ग्रीनला, विणकरांच्या दारात आणून लटकवलं, सगळ्यांनी बघावं म्हणून. चित्रात आळशी फासावर जातो. खऱ्या स्पिटलफील्ड्समध्ये संघटित झालेला फासावर गेला. ह्या एका फरकात 'उद्योग आणि आळस' ह्या उपदेशाची सगळी लबाडी उघडी पडते.

●

आता सगळ्यात गाजलेलं चित्र. 'जिन लेन', १७५१. जिनची गल्ली. पायऱ्यांवर एक बाई बसलीय, पायांवर फोड, तपकीर घेतेय. तिच्या हातातून पोर कठड्यावरून खाली पडतंय, तिला पत्ता नाही. पायथ्याशी हाडांचा सापळा झालेला माणूस. एकजण कुत्र्याबरोबर हाड चघळतोय. पडक्या घरात न्हाव्यानं फास लावून घेतलाय. सुतार आपली करवत आणि बाई आपली भांडी सावकाराकडे गहाण टाकताहेत. अख्ख्या गल्लीत धड उभी इमारत दिसते ती सावकाराची. करवत गेली म्हणजे उद्याची भाकर गेली. हे ज्याला कळलं त्यानंच ते कोरलं.

ही जिन आली कुठून? फ्रान्सशी लढाई लागल्यावर फ्रेंच ब्रँडी बंद झाली. १६९० च्या कायद्यानं धान्याची दारू गाळणं जवळजवळ कुणालाही मोकळं केलं. जमीनदाराच्या धान्याला गिऱ्हाईक मिळालं, सरकारला कर मिळाला. गरीब मरायला लागले तेव्हा १७३६ साली पन्नास पौंडांचा परवाना लावला. दंगे झाले, चोरटी विक्री झाली, आणि १७४३ साली लढाईला पैसा हवा म्हणून तो कायदा मागं घेतला. दारूवर सरकार कसं जगतं, हे आपल्याला नव्यानं शिकायला नको. आणि १७५१ साली मॅजिस्ट्रेट आणि कादंबरीकार हेन्री फील्डिंग पुस्तक काढून सांगतो की चोऱ्या वाढल्या कारण गरिबांना चैन लागली! होगार्थ त्याचा दोस्त. 'जिन लेन' काढताना त्यानंही जाहिरातीत म्हटलं की खालच्या वर्गातली व्यसनं सुधारावीत म्हणून ही चित्रं आहेत. दर एक शिलिंग. जोडीला 'बिअर स्ट्रीट' नावाचं दुसरं चित्र. त्यात बिअर पिणारे सगळे लठ्ठ, हसरे, आणि सावकाराचं दुकान मोडकळीला आलेलं. म्हणजे देशी बिअर प्या आणि सुखी राहा!

तोंडानं होगार्थ फील्डिंगची बाजू बोलत होता. हातानं मात्र वेगळंच कोरत होता. 'जिन लेन'च्या मागं लांबवर एक मनोरा दिसतो. ब्लूम्सबरीचं सेंट जॉर्ज चर्च. मनोऱ्याच्या टोकावर राजा पहिल्या जॉर्जचा पुतळा. राजा आणि देव दोघं एकाच शेंड्यावर बसलेत आणि खाली सेंट जाइल्सची वस्ती मरतेय. १८४८ साली चार्ल्स डिकन्सनं हेच दाखवून दिलं. क्रुकशँकच्या चित्रांबद्दल लिहिताना तो म्हणाला की दारू दुःखातून, दारिद्र्यातून, अज्ञानातून सुरू होते. होगार्थला ते कळलं होतं, म्हणून त्यानं थंडपणे बघत राहणारं चर्च चित्रात ठेवलं. क्रुकशँकनं फक्त बाटली ठेवली.

आणखी एक गोष्ट. १९२० नंतर बाबासाहेब लंडनला शिकत होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसत. पोटाला मारून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्या वाचनालयापासून हे सेंट जॉर्ज चर्च चार-पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. ज्या मनोऱ्यानं खालच्या माणसांकडे कधी बघितलं नाही, त्याच्या शेजारी बसून आपल्या माणसानं पुस्तकं फोडून काढली. मला ही गोष्ट कळली तेव्हा ते चित्र पुन्हा उघडून मी किती वेळ त्या मनोऱ्याकडे बघत बसलो.

●

त्याच १७५१ साली 'फोर स्टेजेस ऑफ क्रूएल्टी' ही चार चित्रं निघाली. टॉम नीरो हा धर्मादायावर वाढलेला अनाथ पोरगा. सेंट जाइल्सच्या पॅरिशची खूण त्याच्या बाहीवर शिवलेली. लहानपणी कुत्र्याचे हाल करतो, पुढं घोड्याला मारतो, मग गरोदर प्रेयसीचा खून, आणि शेवटी फाशी होऊन प्रेत डॉक्टरांच्या टेबलावर. पण दुसऱ्या चित्रात घोडा का पडला ते बघा. भाडं वाचवायला चार जाडजूड वकील एकाच गाडीत कोंबून बसलेत! चौथ्यात उंच खुर्चीवर न्यायाधीशासारखा बसलेला मुख्य डॉक्टर काठीनं दाखवतोय आणि बाकीचे टॉमचे डोळे, आतडी काढताहेत. शिकलेले लोक, शांतपणे. सुरुवातीला पोर कुत्र्याशी जे करत होतं तेच शेवटी कायदा पोराशी करतो. ही मालिका गरिबांपर्यंत जावी म्हणून होगार्थनं लाकडी ठशांवर स्वस्तात काढायचा प्रयत्न केला. दोन ठसे झाले आणि खर्च परवडेना म्हणून सोडून दिलं.

आता ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्यांच्याकडे या. मॉलच्या दुसऱ्या चित्रात चहाची किटली घेतलेला, पागोटं घातलेला एक काळा पोरगा आहे. ब्राइडवेलमध्ये वाख कुटणाऱ्या रांगेत एक काळी बाई आहे. गुलामांच्या व्यापारातून आलेली ही माणसं. त्या काळी लंडनच्या काही बड्या घरांत अशा पोरांच्या गळ्यात चांदीचा पट्टा घालत. १९८५ साली डेव्हिड डॅबिडीन ह्यांनी 'होगार्थ्स ब्लॅक्स' हे पुस्तक लिहिलं. डॅबिडीन गयानाचे, त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यावर नेलेले गिरमिटिये. मळ्यावरच्या माणसाच्या वंशजानं होगार्थकडे बघितलं, तेव्हा शेकडो वर्षं पंडितांना न दिसलेली काळी माणसं दिसली. त्यांचं म्हणणं असं की ही माणसं शोभेला नाहीत, त्यांच्या शेजारी गोऱ्यांचा रानटीपणा उघडा पडतो.

मला हे पटतं. पण माझा प्रश्न पुढचा आहे. त्या किटलीवाल्या पोराची वाटचाल कुठाय? त्याची सहा चित्रं कुठं आहेत? गोऱ्यांची लाज दाखवायला तो आरसा म्हणून उभा आहे. त्याची स्वतःची गोष्ट नाही. आपल्यालाही मराठी कथा-कादंबरीत असंच उभं केलं होतं. दुसऱ्याच्या दयेचा आरसा म्हणून.

१७८८-८९ साली गुलामीविरोधी मंडळींनी ब्रुक्स नावाच्या जहाजाचा नकाशा छापला. नव्या कायद्यानं ४५४ माणसं न्यायची परवानगी होती. ती फळ्यांवर कशी रचावी लागतील, ते त्यात दाखवलं. आधी त्या जहाजानं सहाशेहून जास्त नेली होती. उपदेश नाही, वचन नाही, नुसतं रचलेलं माप. त्या कागदानं इंग्लंड हादरलं. तरी तिथंही काळा माणूस आडवा, बिननावाचा.

आणि १७८९ सालीच ओलौदा इक्वियानोचं पुस्तक आलं. गुलामीत राहिलेला, १७६६ साली पैसे मोजून स्वतःला सोडवलेला माणूस. आपली जीवनकहाणी त्यानं लिहिली आणि 'स्वतः लिहिलेली' असं नावातच छापलं. वर्गणीदार गोळा केले, हक्क स्वतःकडे ठेवला. होगार्थचीच रीत. पहिल्या पानासमोर कोरीव चित्र आहे. इक्वियानो कोट घालून बसलाय, हातात उघडं पुस्तक, नजर थेट वाचणाऱ्यावर. पुढं जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली. आणि १९७८ साली 'बलुतं' आलं. किटलीवाल्या पोराची राहिलेली चित्रं अशी पुरी होत आलीत.

●

कुणी म्हणेल, मग दारूविरुद्ध बोलायचंच नाही काय? असं कोण म्हणतं! बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. माझ्या वस्तीत दारूनं मेलेली माणसं मी खांद्यावरून नेलीत. पण १९२७ चं महाड आठवा. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, असं बाबासाहेब तिथं सांगतात, आणि त्याच परिषदेतून उठून चवदार तळ्याचं पाणी प्यायला चालत जातात. वाईट सोडणं आणि हक्क घेणं ही एकाच परिषदेची दोन कामं होती. छडीवाल्या साहेबाच्या चित्रांत पहिलं असतं, दुसरं नसतं. आणि साहेब खाली उतरून पाणी प्यायला कधी येत नाही.

तेव्हा पोस्टर रंगवा. बाटली काढा, पडलेला माणूस काढा, रडणारी पोरं काढा. पण सुताराची करवत कुणाकडे गहाण पडलीय तेही काढा. भट्टीवाला काढा, हप्ता घेणारा काढा, पाठ फिरवून कागद वाचणारा काढा. आणि पोस्टर वस्तीत लावायच्या आधी एखाद्या म्हातारीला दाखवा. तिनं विचारलं, "मुकादम कुठाय?" तर वाद घालू नका. पोस्टर परत घरी न्या आणि पुन्हा काढा.

जयभीम.